रात्रीचा स्वयंपाक उन्हाळ्यात होतो

दुपारच्या जेवणाचा प्रश्न सहसा पडत नाही. डबा असतो, डब्यात पोळी-भाजी असते, आणि भाजी कोणती एवढंच आदल्या रात्री मेथी निवडता निवडता ठरतं. खरा प्रश्न रात्रीचा. ‘रात्रीला काय करायचं?’ हे आमच्याकडे संध्याकाळी सहाच्या सुमाराला फोनवरून सुरू होतं, गाडीच्या गर्दीत माझ्या डोक्यात घोळत राहतं आणि डोंबिवलीला उतरून भाजीवाल्यासमोर उभी राहिले तरी सुटलेलं नसतं. घरातल्या कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: ‘काहीही कर. थोडकंच कर.’ या ‘काहीही’मध्ये काय काय बसत नाही ते सांगायला मात्र सगळे पुढे. सकाळची भाजी नको. दुधी तर नकोच नको. नुसता भात नको, पोट भरत नाही. नुसती पोळी नको, घशाखाली उतरत नाही.

मग जे उरतं ते महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत थोड्याफार फरकानं सारखंच आहे. पिठलं. मुगाची खिचडी. वरणफळं, जिला माझ्या माहेरी चकोल्या म्हणतात. थालीपीठ. ताकातली धिरडी. सकाळचा भात उरला असेल तर फोडणीचा भात, पोळ्या उरल्या असतील तर फोडणीची पोळी. कुणाचं पोट बिघडलेलं असेल तर मऊ भात, तूप, मेतकूट. यातलं काहीही आपण पाहुण्यांना करून वाढत नाही. पाहुणा रात्री अवचित टपकला तर आधी ‘अगंबाई, आज नेमकं पिठलंच केलंय’ असं म्हणून मगच ताट मांडतो. हल्ली हॉटेलात ‘पिठलं-भाकरी थाळी’ मिळते, मातीच्या भांड्यात, वर कांदा फोडून ठेवलेला. तिचा भाव ऐकून माझ्या आईला हसू आवरत नाही. 1995 साली युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर द्यायला सुरुवात केली तेव्हा ती तितकीच हसली होती. तिचं म्हणणं, एक रुपयात होत नाही आणि तीनशे रुपये लागत नाहीत.

या सगळ्या पदार्थांची ख्याती एकच: पटकन होतात. पंधरा मिनिटांत पिठलं, वीस मिनिटांत खिचडी. ‘झटपट’ या शब्दावर तर पाककृतींचा अख्खा धंदा उभा आहे. मला हा शब्द पटत नाही. रात्री साडेआठला जे पंधरा मिनिटांत होतं, ते मार्च-एप्रिल-मे या तीन महिन्यांत कुणीतरी आधीच शिजवून, भाजून, वाळवून, कुटून ठेवलेलं असतं. आपण शेवटची उकळी आणतो, इतकंच.

माझं माहेर साताऱ्याकडचं आणि सासर सिंधुदुर्गातलं. त्यामुळे आमच्या घरात पिठल्याच्या दोन शाखा आहेत आणि दोन्हींचे अनुयायी कट्टर आहेत. साताऱ्याचं पिठलं हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचं, कांद्याची फोडणी, चमचाभर चटणी घालून उकळत्या पाण्यात पीठ पेरत पेरत केलेलं. गाठी झाल्या तरी चालतात. माझ्या वडलांना तर गाठी झालेलंच लागायचं. कोकणातली ती कुळथाची पिठी. तिला पिठलं म्हटलेलं सासूबाईंना खपत नाही.

पिठी करताना त्यांना पाहणं हा एक कार्यक्रम असतो. छोट्या टोपात तेल, मोहरी, आणि मग लसूण. लसूण सोलायचा नाही, ठेचायचा. सालं जेवढी आपणहून सुटतील तेवढी काढायची. तो तेलात तांबूस व्हायला लागला की स्वयंपाकघराच्या खिडकीतून वास खाली पार्किंगपर्यंत जातो. मग सुकी मिरची, हिंग, हळद, आणि भसकन पाणी. पिठी वेगळ्या वाटीत गार पाण्यात कालवलेली असते, पातळ ताकासारखी. ती एका हातानं ओतायची, दुसऱ्या हातानं ढवळायचं, आणि या क्षणी फोन वाजला तर वाजू द्यायचा. ‘गाठी होतत, ढवळत रव,’ एवढंच त्या बोलतात. दोन आमसुलं पडतात. टोपात अगदी पाण्यासारखं दिसणारं प्रकरण दोन उकळ्यांत अंगासरशी येतं, आणि ताटात पोचेपर्यंत आणखी घट्ट होतं. म्हणून गॅस बंद करताना पिठी जरा पातळच वाटली पाहिजे. वर मूठभर ओलं खोबरं. भाताला मधोमध आळं करून त्यात वाढायची, शेजारी सुका बांगडा नाहीतर नुसता पापड. सगळं मिळून वेळ लागला असेल बारा-पंधरा मिनिटं.

आता त्या वाटीतल्या पिठीचं बघा. कोकणात भात कापून झाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ टाकतात. त्याला वेगळं पाणी देत नाहीत, फारसं कुणी त्याच्याकडे बघतही नाही. फाल्गुनाच्या आगेमागे ते झोडून घरात येतात. मग निवडायचे, त्यातले खडे काढायचे (कुळथाच्या रंगाचे खडे कुळथातच का असतात हे एक कोडं आहे), मोठ्या कढईत भाजायचे. भाजणं कमी पडलं तर पिठी कच्चट लागते, जास्त झालं तर कडू. मग जात्यावर भरडायचे, पाखडून सालं उडवायची, आणि जी डाळ हाताला लागेल ती दळायची. पायलीभर कुळथातून पिठी निघते ती पाहून वाटतं, एवढंच? सासूबाईंच्या जाऊबाई अजून गावी हे सगळं करतात. मे महिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या तरी हातून प्लास्टिकच्या बरणीत ती पिठी डोंबिवलीला पोचते. म्हणजे जुलैतल्या एखाद्या मंगळवारी, गाड्या तासभर लेट असताना, मी भिजून घरी येते आणि ‘आज पटकन पिठीच टाकते’ म्हणते, तेव्हा त्यातलं ‘पटकन’ माझं असतं. बाकी सगळं गावच्या काकींचं.

चटणीचंही हेच. घाटावरची माणसं चटणी म्हणतात ती शेंगदाण्याची किंवा खोबऱ्याची नव्हे. वर्षभराचं कांदा-लसणाचं तिखट. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात एप्रिल म्हणजे चटणीचा महिना. भेटलेल्या बाईला पहिला प्रश्न, ‘चटणी कुटली का?’ आमच्याकडे रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी संकेश्वरी, निम्मी-निम्मी. दोन्ही गावं कर्नाटकात, एक हावेरी जिल्ह्यात, दुसरं बेळगाव जिल्ह्यात. पण आमच्या घरात या दोन मिरच्यांवरून जेवढा वाद झालाय तेवढा सीमाप्रश्नावरून कधी झाला नाही. ब्याडगी जास्त पडली तर आत्याचं ‘नुसतं कुंकू झालंय’, संकेश्वरी जास्त पडली तर आजोबांना उचकी. किलोभर मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, सुकं खोबरं, धणे, तीळ, थोडा खडा मसाला, जाडं मीठ. कांदा उभा पातळ चिरून आधी उन्हात सुकवायचा आणि मग तेलात तळायचा, कुरकुरीत, पण काळा नाही. त्यात ओल राहिली की पावसाळ्यात चटणीला बुरशी धरते आणि वर्षाची मेहनत पाण्यात. म्हणून हे काम उन्हाळ्यातच. जानेवारीपासून नवी मिरची बाजारात यायला लागते, एप्रिलचं ऊन तिला कडकडीत करतं, आणि जूनच्या पहिल्या सरीआधी बरणीचं तोंड बांधलं गेलं पाहिजे. वर हिंगाचा खडा ठेवून.

आजोळी चटणी डंकावर कुटायला जायची. इथे मुंबईच्या बाजूला आल्यावर कळलं की डंक इथंही आहेत. मध्य रेल्वेनं चिंचपोकळीला उतरायचं आणि चालत लालबागच्या मसाला गल्लीत जायचं. उन्हाळ्यात तिथं शिरल्या शिरल्या पहिल्यांदा शिंका येतात, डोळ्यांना पाणी येतं, आणि मग नाक सरावतं. एका दुकानात मिरची, दुसऱ्यात खडा मसाला, पुढे भाजून देणारा, आणि त्याच्या पुढे डंक: ओळीनं उभी लोखंडी मुसळं, मोटारीवर वरखाली होणारी. चक्कीपेक्षा डंकावरचं कुटणं बायका पसंत करतात, कारण तिथं मसाला तापत कमी, म्हणून वास टिकतो. नंबर लावून बसायचं. शेजारी बसलेल्या बाईच्या पिशवीत काय आहे त्यावरून तिचं गाव ओळखायचं: धणे आणि बडीशेप जास्त दिसली की मालवणी, दगडफूल आणि नागकेशर वेगळं काढलेलं असलं की गोडा मसाला, म्हणजे बहुधा पुण्याकडची. माझ्या ओळखण्यात चूक झालीय असं कुणी मला अजून तोंडावर सांगितलेलं नाही.

ही गल्ली गिरणगावाच्या मधोमध आहे आणि मला तरी हा योगायोग वाटत नाही. गिरण्या होत्या तेव्हा कोकणातून, साताऱ्यातून, कोल्हापुरातून आलेली एकटी माणसं इथं एका खोलीत दहा-दहा मिळून राहायची आणि जेवायला खाणावळीत जायची. खाणावळ म्हणजे हॉटेल नव्हे. चाळीतल्या कुणातरी बाईचं घर. पाळी सुटेल तसे लोक यायचे, म्हणजे या बायकांच्या घरात रात्रीचं जेवण रात्री संपतच नसे. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खाणावळवाल्यांना एकत्र करून. या बायका वाण्याकडे उधारीवर आणि सावकाराकडे व्याजावर जगत होत्या; बँकेच्या दारात त्यांना कुणी उभं करत नव्हतं, ते मंडळानं केलं. दहा-वीस माणसांचं रोजचं रात्रीचं जेवण म्हणजे वर्षाचा मसाला किती लागेल, हिशोब करून बघा. त्यांना ‘आज काय करू’ हा प्रश्न पडत असेल का, मला शंका आहे. प्रश्न पडायला सामान दोन प्रकारचं लागतं.

सगळंच मात्र वर्षाचं भरून ठेवता येत नाही, आणि इथेच माझ्या सासर-माहेरच्या दोन्ही बरण्या निकामी ठरतात. ज्वारीचं पीठ. गव्हाच्या पिठाला चिकटपणा असतो, पोळी कशीही लाटली जाते. ज्वारीत तो नसतो. म्हणून भाकरीचं पीठ आधणाच्या पाण्यात मळतात. गरम पाण्यानं पिठाला जरा बांध येतो आणि थापताना कडा फाटत नाहीत. पण पीठ जुनं झालं, महिनाभर डब्यात राहिलं, की त्याची विरी जाते, मग आधण घाला नाहीतर नवस बोला. त्यामुळे ज्वारी पोत्यानं भरायची आणि दळायची मात्र पंधरा दिवसांपुरती. आमची ज्वारी मालदांडी, माहेरच्या एका नातलगांच्या शेतातली. मंगळवेढ्याच्या मालदांडीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा माझ्या भावानं कौतुकानं मेसेज पाठवला होता, जणू बक्षीस आमच्या पोत्याला मिळालंय.

भाकरी मी रोज करत नाही. खोटं कशाला सांगू, आठवड्यातून दोनदा झाली तरी पुष्कळ. उभं राहून काम करून आल्यावर परातीवर वाकून पीठ मळणं हे नुसतं ‘पौष्टिक’ म्हणून होत नाही. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा सोसायटीत भाकरीवर व्याख्यान झालं. व्याख्यान देणारे गृहस्थ होते. भाकऱ्या कोण थापणार हा विषय त्यात आला नाही.

आमच्या मजल्यावर जळगावकडचं एक कुटुंब राहतं. त्यांच्याकडे हा सगळा प्रश्नच निकालात काढलेला आहे. रात्रीचं काय? खिचडी. काल काय? खिचडी. खान्देशात बऱ्याच घरांत हीच रीत आहे, आणि ती खिचडी आमच्या मुगाच्या आजारपणातल्या खिचडीशी काही नातं सांगत नाही. तुरीची डाळ, तांदूळ, तिखट, लसूण, शेंगदाणे. ताटात वाढल्यावर वरून शेंगदाण्याच्या तेलाची कच्ची धार, बाजूला पापड, कांदा, लोणचं. मला सुरुवातीला कच्चं तेल बघून धसकाच बसला होता. आता महिन्यातून एखाद्या शनिवारी मी वाटी घेऊन त्यांच्या दाराशी उभी असते. त्या वहिनी म्हणतात, रोज वेगळं करायचं खूळ तुम्हा लोकांना टीव्हीनं लावलंय. मला यावर अजून उत्तर सुचलेलं नाही. त्यांच्याही खिचडीच्या मागे उन्हाळा आहेच: उडदाचे पापड. होळीच्या आसपास त्या गावी जातात, चार घरच्या बायका एका ओट्यावर जमतात, आणि येताना वर्षाचे पापड स्टीलच्या डब्यात कागद घालून आणतात. गिरगावात सात बायकांनी 1959 मध्ये ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि त्याचं लिज्जत झालं, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. चार बायका नेहमीच गच्चीवर पापड लाटत होत्या. त्या सातजणींनी त्याचे पैसे मागितले हे नवीन होतं.

आता आमच्या पोळ्यांच्या मावशींबद्दल सांगते. त्या संध्याकाळी पाच-सहा घरी पोळ्या करतात, आमच्याकडे पावणेसातला. हात असा की बोलता बोलता वीस पोळ्या उतरतात. एकदा पावसात अडकून माझ्याकडे चहा घेत बसल्या होत्या, तेव्हा मी विचारलं, ‘तुमच्या घरी रात्रीला काय?’ त्या माझ्याकडे असं पाहायला लागल्या की हा काय प्रश्न झाला. मग म्हणाल्या, ‘पोळ्या नाय करत हां मी घरी. इथनं गेल्यावर लाटणं हातात धरवत नाय. भात टाकते, न्हाईतर सकाळच्या भाकरी असत्यात. सुकट भाजायची तव्यावर, कांदा, चटणी, लिंबू. पोरं खुश.’

सुकट कधीची? मे महिन्यातली. एक जून ते 31 जुलै हे 61 दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना समुद्रात जायची बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. ही बंदी येण्याच्या कितीतरी आधीपासून बायका पावसाळ्याच्या तोंडावर सुका बाजार भरत आल्या आहेत: सुकट, सोडे, बोंबील. आमच्या घरी सासूबाईंचा सोड्यांचा डबा सर्वांत वरच्या फळीवर असतो, कारण सोड्यांचा भाव आता सुक्यामेव्याच्या बरोबरीला आलाय. मावशींच्या घरी सुकट, आमच्याकडे सोडे. डबा भरायची वेळ मात्र एकच.

माझ्या मैत्रिणी म्हणतात, हे सगळं आता विकत मिळतं, कशाला उर बडवायचा. खरंच मिळतं. भाजणी मिळते, मेतकूट मिळतं, कुळथाची पिठी मिळते, तयार पिठल्याचं पाकीटही मिळतं, ज्यात फक्त पाणी घालायचं. डोंबिवलीत तर पोळी-भाजी केंद्रांवर संध्याकाळी रांगा असतात आणि त्या रांगेत मीही उभी राहिलेली आहे, बिनधास्त. विकत घेण्यात मला कमीपणा वाटत नाही. पाकिटातली भाजणीही कुणीतरी भाजलेलीच असते, बऱ्याचदा एखाद्या बचत गटातल्या बायकांनी, आणि तिथं निदान किलोचा भाव तरी लावलेला असतो. काकींच्या पिठीला आम्ही कधी भाव लावला? त्यांनी मागितला नाही, आम्ही विचारला नाही. बदल्यात मे महिन्यात साडी जाते, दिवाळीला फराळ जातो, आणि सर्वांना वाटतं फिटलं.

पण परवा त्यांचा फोन आला की गुडघे आता जात्यापाशी बसू देत नाहीत, पुढल्या वर्षी पिठीचं कठीण आहे. फोन ठेवल्यावर आमच्या घरात जी चर्चा झाली ती ऐकण्यासारखी होती. नवरा म्हणाला, ऑनलाइन बघतो. सासूबाई म्हणाल्या, मी जाते गावी, मी करते. त्यांचं वय काकींपेक्षा जास्त. मी म्हटलं, मिक्सरवर भरडू, जातंच कशाला हवं? यावर सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग त्यांनी विचारलं, ‘पाखडतलो कोण?’ प्रश्न बिनतोड होता. आमच्या घरात सुपात धान्य पाखडता येणारी त्या एकच व्यक्ती आहे. मला येत नाही. माझ्या आईला येतं. मुलानं सूप प्रत्यक्षात पाहिलंय ते लक्ष्मीपूजनाला, तेही केरसुणीशेजारी.

तर ठरलं ते असं. यंदा निदान पाच किलो कुळीथ इथंच मागवायचे, मी भाजायचे, मिक्सरवर भरडायचे, सासूबाईंनी खुर्चीवर बसून पाखडायचे आणि दळायला गिरणीत द्यायचे. गिरणीवाला गव्हाच्या चक्कीवर कुळीथ घेणार नाही, त्याला दुसऱ्या चक्कीसाठी गळ घालावी लागेल. मार्चअखेर मिरची बघायला लालबागला जायचं. मुलगा आता कॉलेजात आहे. त्याचं म्हणणं, मिरची पावडर मिळते की, देठ काढलेली, भाजलेली, सगळं करून. त्याला सांगितलंय की पिठलं आणि मिसळ दोन्ही हवं असेल तर एक अख्खा रविवार गॅलरीत बसून देठं खुडायची आहेत. हातमोजे घालून चालेल का, असं तो विचारतोय. घाल बाबा, म्हटलं. फक्त त्या हातानं डोळे चोळू नकोस.